चुकीच्या चौकोनातली सही

मी नोटरी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुण्यातली माझी धाकटी बहीण सगळ्या नातेवाइकांना "ताई लंडनला नोटरी आहे" असं सांगत असते आणि मी ते कधीच खोडून काढलेलं नाही. त्या एवढ्याशा वाक्यात दोन चुका आहेत. मी लंडनपासून तासाभरावरच्या बेसिंगस्टोकला राहते, आणि इथे नोटरी व्हायचं तर कायदा शिकावा लागतो, वर आणखी परीक्षा द्याव्या लागतात. मी जे काम करत होते त्याला शाबूत डोळे आणि चालणारं पेन एवढंच लागायचं. त्यातलं पेन चांगलं होतं.

काम साधं होतं. घर कुणाच्या नावावर करायचं असलं की वकील कागद तयार करतात. सही करणारा माणूस कधी फार म्हातारा असतो, कधी आजारी असतो, वकिलाच्या ऑफिसपर्यंत येऊ शकत नाही. मग वकील एका कंपनीला कळवतात आणि ती कंपनी माझ्यासारख्या कुणाला तरी त्या घरी पाठवते. मी जायचं, पासपोर्ट बघायचा, समोरचा माणूस तोच आहे याची खात्री करायची, त्याने माझ्या देखत सही करायची आणि बाजूला साक्षीदार म्हणून मी करायची. मग कंपनीचा एक फॉर्म भरायचा, सह्यांच्या पानाचा फोटो कंपनीला पाठवायचा आणि त्यांनी हो म्हटलं की कागद पोस्टाने वकिलाला पाठवून द्यायचे. यात चुकण्यासारखं काही नाही असं मी लोकांना सांगायचे.

त्याआधी सतरा वर्षं मी इथल्याच एका बिझनेस पार्कमधल्या आयटी कंपनीत कागदपत्रं सांभाळत होते. कुठली प्रत शेवटची, कुणाची सही राहिली, कुणी तारीख घातली नाही, हे मला लांबूनच दिसायचं. मग कंपनीने ते काम एका सॉफ्टवेअरला दिलं आणि मला कुंडीतलं एक झाड देऊन घरी पाठवलं. पुढचे दोन महिने मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लावली. धने, जिरे, धने-जिरे. ही एजंटची जाहिरात नवऱ्याने शोधून काढली. लेबलं त्याच्या मोज्यांच्या खणापर्यंत पोचण्याआधी मला घराबाहेर काढायचं, एवढाच त्याचा हेतू असावा.

मी जय्यत तयारी केली. चाकांची काळी बॅग घेतली. ओळखपत्र गळ्यात अडकवायला निळी पट्टी घेतली. भिंग घेतलं. आणि स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का बनवून घेतला. त्या शिक्क्याला इथे कायद्याने काडीची किंमत नाही. कंपनीतल्या ज्या बाई मला कामं द्यायच्या त्यांना मी फोनवर मोठ्या कौतुकाने शिक्क्याबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "लव्हली! पण प्लीज वापरू नका."

आणि मी कंपनीच्या करारावर सही केली. चौदा पानांचा करार होता. पुढे घरोघरी जाऊन मी लोकांना "नीट वाचा, घाई नाही" असं सांगणार होते. माझा स्वतःचा करार मात्र मी सुपरमार्केटच्या रांगेत, एका हातात कोथिंबीर धरून, फोनवर अंगठ्याने वर सरकवत सरकवत शेवटापर्यंत नेला आणि 'वाचलं, समजलं, मान्य आहे' या चौकोनात टिक केली. पुढचा माणूस खिशात कार्ड शोधत होता, तेवढ्यात माझं आटपलं.

पहिले सात-आठ महिने झकास गेले. एका घरात सही करणाऱ्या गृहस्थांच्या मांडीवरच्या कुत्र्याने कागदावर पंजा ठेवला तर मी अत्यंत गंभीरपणे नवीन पान मागवलं. कंपनीकडून महिन्याला एक ईमेल यायचा, त्यात 'आमच्या एजंटांवर आमचा पूर्ण विश्वास आहे' असं वाक्य असायचं. ते सगळ्या एजंटांना जात असणार, पण मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. तो "हं" म्हणायचा.

मग इल्फर्डचं काम आलं.

बेसिंगस्टोकहून लंडनच्या पार पूर्व टोकाच्या इल्फर्डला कुणी एजंट पाठवत नाही. पण वकिलांनी मराठी बोलणारी व्यक्ती मागितली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई आपलं घर मुलाच्या नावावर करत होत्या. त्यांना इंग्रजी येत होतं, पण असल्या गोष्टी मराठीत कळल्या तर बरं, असं मुलानेच सुचवलं होतं. कंपनीच्या यादीत मराठी येणारी मी एकटी. कंपनीतल्या बाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्याशिवाय हे होणारच नाही." हे वाक्य मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

कागदावर नाव वाचून मी जरा थबकले. पहिलं नाव बायबलच्या जुन्या करारातलं, आडनाव मात्र 'कर'ने संपणारं, थेट आमच्या रायगड जिल्ह्यातलं. घर शोधत गेले तर दाराच्या चौकटीवर धातूची एक छोटी नळी तिरकी बसवलेली. ज्यूंच्या घरावर असते तशी. मुंबईहून आलेलं बेने इस्रायली, म्हणजे मूळ कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब. ठाण्याला आमच्या शेजारी असं एक कुटुंब होतं, त्यामुळे मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. साक्षीदाराला असं काही होऊ नये खरं म्हणजे.

मुलगा पन्नाशीचा, शाळेत केमिस्ट्री शिकवणारा, अगदी सौम्य. "माझा मराठी फार वाईट आहे," तो म्हणाला, "आई बोलते फास्ट." त्याची बायको इंग्लिश, हसतमुख. ती चहा घेऊन आली आणि दोघंही आईच्या दोन बाजूंना सोफ्यावर बसली. आई म्हणजे एवढीशी मूर्ती, फुलाफुलांचा झगा, वर राखाडी कार्डिगन, पायात जाड मोजे.

"कुठची गं तू?" त्यांनी विचारलं.

"मूळची अलिबागजवळची, मावशी. वाढले ठाण्यात."

"अलिबाग!" त्यांनी माझा हातच धरला. त्यांच्या आडनावातलं गाव माझ्या आत्याच्या सासरापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघालं. मग काय. मासे निघाले. इल्फर्डला पापलेट कुठे बरं मिळतं, फ्रोझन सुरमईला वास का येतो, नारळाच्या दुधातल्या कालवणात आमसूल घालायचं की नाही. मुलगा आणि सून टेनिसची मॅच बघावी तसे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. चाळीस मिनिटं गेली.

मग मी भानावर आले, बॅग उघडली, भिंग काढलं आणि कामाचा आवाज लावला. पासपोर्ट पाहिला. कागद समोर ठेवला. मावशींनी चष्मा बदलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, आणि पेन हातात घेऊन मराठीत म्हणाल्या, "हे झाल्यावर मी इथेच ना?"

मी हसले. "अहो मावशी, तुम्ही कुठे जाणार!"

त्या माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांनी सही केली. जुन्या वळणाची, सरळ, एकही अक्षर न गाळलेली सही. मीही माझी केली, जरा ऐटीत, शेवटी एक लांब शेपूट काढून. कंपनीचा फॉर्म भरला. त्यात एक प्रश्न होता: 'सही करणाऱ्या व्यक्तीशी तुम्ही एकांतात बोललात का?' मी विचार केला, आम्ही जे बोललो ते खोलीत दुसऱ्या कुणालाही कळलेलं नाही, म्हणजे एकांतच झाला. 'हो'वर टिक केली. निघताना मावशींनी डब्यात करंज्या घालून दिल्या, आणि ट्रेनमध्ये त्या खाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीतल्या बाईंचा फोन आला.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "इल्फर्डमध्ये घर घेतलंत!"

मला काही कळेना. मग त्यांनी मीच पाठवलेला पानाचा फोटो मला परत पाठवला. त्या पानावर सह्यांचे तीन चौकोन होते. घर देणाऱ्याचा, साक्षीदाराचा आणि घर घेणाऱ्याचा. मुलगा त्याची सही नंतर वकिलाकडे करणार होता. साक्षीदाराचा चौकोन कोरा होता. आणि घर घेणाऱ्याच्या चौकोनात, लांब शेपटासकट, माझी सही होती. कागदाप्रमाणे मावशींनी ते घर मला दिलं होतं आणि मी ते आनंदाने स्वीकारलं होतं.

सतरा वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेली बाई मी. 

"काळजी करू नका," त्या म्हणाल्या. "मी मुलाला कोरं पान ईमेल करते. तो प्रिंट काढेल, आई सही करेल, तो पान तुमच्या घरी पोस्टाने पाठवेल. तुम्ही साक्षीदाराची सही करा, कालची तारीख घाला आणि पुढे पाठवा. आम्ही वकिलांना अठ्ठेचाळीस तासांचा शब्द दिलेला असतो."

"पण ती सही माझ्यासमोर..."

"तुम्ही त्यांना सही करताना पाहिलंय ना काल? तीच बाई, तोच कागद. वुई ट्रस्ट यू."

इथे मी बाणेदारपणे नकार दिला असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी "थँक यू सो मच" म्हणाले. दोनदा. माझी चूक कुणाला कळणार नाही, पुन्हा तीन गाड्या बदलून जायला नको, आणि वर विश्वासही शाबूत. मी फोन ठेवला आणि सुटकेच्या आनंदात शिरा केला.

संध्याकाळी जेवताना हे सगळं नवऱ्याला सांगितलं, घर मिळाल्याचा भाग जरा रंगवून. तो हसला नाही. तो वेबसाइटवरच्या कुकीजच्या सूचनाही पूर्ण वाचणारा माणूस आहे.

"करार कुठंय तुझा?" त्याने विचारलं.

"कुठला करार?"

"तू ज्यावर सही केलीस तो."

शोधायला वीस मिनिटं लागली. त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि ताटात हात वाळवत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नवव्या पानावर तो थांबला. एजंटने केलेल्या किंवा न केलेल्या कुठल्याही गोष्टीमुळे कंपनीचं, वकिलांचं, सही करणाऱ्याचं किंवा इतर कुणाचंही जे काही नुकसान होईल, त्याची सगळी जबाबदारी एजंटची, आणि एकट्या एजंटची. कंपनीच्या कुणी तोंडी काही सांगितलं असलं तरी ते धरलं जाणार नाही.

"म्हणजे त्या बाई तुला फोनवर काहीही करायला सांगू शकतात," तो म्हणाला, "आणि ते तूच केलेलं असतं."

"त्यांचा माझ्यावर विश्वास आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"विश्वास असेल. पण चौदा पानांत तो शब्द मला सापडला नाही." त्याने पुढचं पान उघडलं. "आणि हे बघ. एजंटने स्वतःचा व्यावसायिक विमा काढलेला आहे असं तू लिहून दिलंयस. काढलायस?"

मला वाटलं होतं ते घराच्या विम्यात येतं. घराच्या विम्यात आग होती, चोरी होती, फुटलेले पाइप होते. मूर्खपणा नव्हता.

मला कंपनीचा भयंकर राग आला. आम्ही घरोघरी जाऊन यांच्यासाठी सह्या घ्यायच्या, यांनी गोड बोलायचं, आणि काही झालं की हात वर! मी ताडकन उठून कंपनीतल्या बाईंना ईमेल लिहायला बसले: आपण फोनवर जे सांगितलंत ते कृपया लेखी कळवावे. पुरावा म्हणून जोडायला मी आदल्या दिवशी भरलेला फॉर्मही उघडला. आणि तिथे ती टिक दिसली. 'एकांतात बोललात का? हो.'

तेव्हा मला मावशींचा प्रश्न आठवला. हे झाल्यावर मी इथेच ना?

त्या कागदात त्यांच्या राहण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. घर पूर्णपणे मुलाचं होणार होतं. त्या चेष्टा करत नव्हत्या. दोन बाजूंना मुलगा आणि सून बसलेली असताना, त्यांना न कळणाऱ्या भाषेत, त्या खोलीतल्या एकुलत्या एका मराठी माणसाला त्यांनी खरोखर विचारलं होतं. मला तिथे त्या भाषेसाठीच पाठवलं होतं. आणि मी ती भाषा सुरमईवर खर्च केली होती. वर कायद्याचं काडीचंही ज्ञान नसताना त्यांना कायद्याचं उत्तर देऊन आले होते, हसत हसत.

कंपनीची चूक मला लगेच दिसली होती. स्वतःची दिसायला फॉर्म उघडावा लागला.

ईमेल मी तरीही पाठवला. सकाळी फोन आला. आवाजातला 'लव्हली' गेला होता. "मी असं काही करायला सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराने समोर हजर असणं कायद्याने बंधनकारक आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं." मी म्हटलं, हो, माहीत आहे, म्हणून मी आज जाते आहे.  मग म्हणाल्या, "आज सहाच्या आत पोस्टात पडायला हवं."

मावशींनी दार उघडलं तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. मुलगा शाळेत, सून कामावर. मुलाने शाळेत जाताना आणून दिलेलं नवीन पान टेबलावर तयार होतं, त्यांनी सकाळीच सही करून ठेवलेली.

"ही नाही चालणार, मावशी," मी म्हणाले. "माझ्यासमोर करावी लागते. चूक माझी होती. मी परवा चुकीच्या चौकोनात सही केली."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"तेव्हाच. तू करत होतीस तेव्हा." त्या शांतपणे खुर्चीत बसल्या. "फोर्टमध्ये एकोणीस वर्षं सॉलिसिटरच्या ऑफिसात टायपिस्ट होते मी. चौकोन कळतात मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतक्या ठामपणे केलीस गं, मला वाटलं, हल्ली इथे अशीच पद्धत असेल."

मी भिंग बॅगेतून काढलंच नाही. ओळखपत्राची पट्टीही गळ्यातून काढून ठेवली आणि त्यांच्या समोर बसले. माशांबद्दल त्या काहीतरी सुरू करत होत्या, मी त्यांना थांबवलं.

"मावशी, परवा तुम्ही मला विचारलंत, हे झाल्यावर मी इथेच ना. मी उगाच हसले. मला त्याचं उत्तर द्यायचा अधिकारच नाही, आणि खरं उत्तर मला माहीतही नाही. तुम्ही तेव्हा खरंच विचारत होतात का?"

त्यांनी कार्डिगनची बटणं लावली, पुन्हा सोडवली.

"माझ्या राहण्याचं कुठे लिहिलंय त्यात?" त्या म्हणाल्या. "मी तीनदा वाचलं. नाही लिहिलेलं. आमच्या ऑफिसात असा कागद आला असता तर साहेबांनी परत पाठवला असता."

"मग वकिलांना विचारलं नाहीत?"

"वकील फोनवर दिसत होते, व्हिडिओवर. फोन माझ्या मुलाच्या हातात. त्यांनी विचारलं, तुम्ही खूश आहात ना? मी म्हटलं, हो. मुलाने फोन धरलाय आणि मी म्हणू, की उद्या याने मला काढलं तर काय?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो नाही काढायचा गं. फार गुणाचा आहे. पण तो उद्या गाडीखाली आला तर? सुनेने दुसरं लग्न केलं तर? हे मी त्याच्या तोंडावर विचारलं, तर त्याला वाटेल आईचा भरवसा नाही. म्हणून तुला विचारलं. तू बाहेरची. आणि त्यांना कळणार नाही असं विचारलं."

 त्यांनी निवडून निवडून मला विचारलं होतं, आणि मी करंज्या घेऊन निघून गेले होते.

करारात आणखी एक कलम होतं, ते आता मला तोंडपाठ झालं होतं: एजंटने वकिलांशी परस्पर संपर्क करू नये, सगळं कंपनीमार्फत. मी कागदावरचा वकिलांचा नंबर लावला. उचलला तो वकिलांनी स्वतः, सर्दी झालेला आवाज, खोकत. मी कोण ते सांगितलं. परवा मी काय केलं तेही सांगितलं, चुकीचा चौकोन, एकांताची खोटी टिक, माझं उत्तर, सगळं.  मग फोन स्पीकरवर ठेवला आणि मावशींनी त्यांचा प्रश्न इंग्रजीत, टायपिस्टच्या स्वच्छ इंग्रजीत, स्वतः विचारला.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मी विचारलं तेव्हा तुमचा मुलगा शेजारी होता का?" वकिलांनी विचारलं.

"फोन त्याचाच होता," मावशी म्हणाल्या.

"ती चूक माझी," ते म्हणाले. "आज सही करू नका. तुमच्या बाजूने बोलणारा वेगळा वकील लागेल. मी व्यवस्था करतो, आणि तो तुमच्या घरी येईल. फोनवर नाही."

मावशींनी सकाळी सही केलेलं पान उचललं, मधोमध फाडलं, पुन्हा फाडलं आणि तुकडे नीट एकावर एक रचून मला दिले. "तुझ्याकडे फाइल असेल ना," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "जेवलीस का?" मी नव्हते जेवले. त्यांनी डाळ-भात वाढला आणि मी मुकाट्याने जेवले.

संध्याकाळी घरी पोचते तोच मुलाचा फोन आला. सौम्य माणूस रागावला की ऐकवत नाही.

"तुम्ही माझ्या आईच्या डोक्यात घातलंत की मी तिला घराबाहेर काढीन," तो इंग्रजीत म्हणाला.

"मी घातलं नाही," मी म्हणाले. "त्यांनी परवाच विचारलं होतं. तुम्ही दोघं तिथेच बसला होतात. त्यांनी मराठीत विचारलं आणि मी मासे-मासे करत होते. मी नीट ऐकलं असतं तर हे परवाच झालं असतं."

 पलीकडे दार बंद झाल्याचा आवाज आला.

"काय म्हणाली ती?" त्याने विचारलं. "एक्झॅक्टली?"

मी मराठीत सांगितलं, त्याच शब्दांत, हळू. त्याने ते स्वतःशी पुटपुटून पाहिलं. इथेच ना. मग म्हणाला, "ती मला का नाही बोलला?" आईला 'बोलला' म्हणाला तो, आणि त्या क्षणी मला त्याचं चुकलेलं मराठी, माझा चुकलेला चौकोन, काहीच हसण्यासारखं वाटलं नाही. मी सांगितलं, त्यांना तुम्हाला दुखवायचं नव्हतं. तो म्हणाला, ठीक आहे. 

कंपनीचा ईमेल दुसऱ्या दिवशी आला. परवानगीशिवाय वकिलांशी संपर्क, ठरल्या वेळेत काम न होणं, सदोष साक्ष, फॉर्ममधली चुकीची माहिती. त्यातल्या शेवटच्या दोन गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या, त्यामुळे पहिल्या दोनवर भांडायला मला नैतिक जोर येईना. चौकशी होईपर्यंत माझं नाव यादीतून काढलं होतं, आणि तोवर माझ्या विमा कंपनीला कळवण्याची सूचना होती. मी सविस्तर उत्तर लिहिलं. चौकोनाची आणि टिकची चूक कबूल केली. विमा नाही हेही कबूल केलं. फोनवर मला मागची तारीख घालायला सांगितलं होतं, हेही लिहिलं. नवऱ्याने वाचून पाहिलं आणि एक स्वल्पविराम काढला.

त्यावर कधीच उत्तर आलं नाही. चौकशी झाली की नाही मला माहीत नाही. काम मात्र पुन्हा मिळालं नाही. वकिलांनी कंपनीला एक पत्र लिहिलं होतं असं मावशींकडून कळलं. त्यात माझी बाजू घेतली होती की नुसतं जे झालं ते लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही. कंपनीतल्या बाईंबद्दल माझ्या मनात आता फारसा राग नाही. त्यांच्याही टेबलावर कुणाची तरी चौदा पानं असतील.

बहिणीला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नोटरीपद गेलं?" मी म्हटलं, हो, गेलं. समजावत बसले नाही.

आता मी इथल्या एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिथेही लोक सह्या करतात, पण त्या कुठे करायच्या ते पेन्सिलीने फुली मारून दाखवायची माझी पद्धत आहे आणि डॉक्टरांना ती फार आवडते.

दोन महिन्यांनी मावशींचा फोन आला. नवी वकील घरी येऊन गेली होती. एक तरुण पंजाबी बाई, तासभर बसली, मुलाला बाहेर बागेत पाठवलं. घर आता दोघांच्या नावावर आहे आणि मावशींना मरेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क लेखी दिलेला आहे. तो मुलानेच आधी सुचवला, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मुलगा-सून आपलं घर सोडून त्यांच्याकडे राहायला आले. त्यांनी स्वयंपाकघर मोठं करून घेतलं आणि मावशींची खोली खाली आणली, म्हणजे जिने चढायला नकोत.

"मग, कसं चाललंय?" मी विचारलं.

"कसलं काय," त्या म्हणाल्या. "हीटिंग बंद करते ती सारखी. म्हणते, लोकरी जम्पर घाला. मी म्हटलं, माझ्या घरात मी जम्पर घालून बसू?"

मागून मुलाचा आवाज आला, मराठीत, हळू आणि चुकीच्या लिंगात काहीतरी विचारत. मावशींनी त्याला दुरुस्त केलं. त्याने पुन्हा म्हणून पाहिलं. मग त्या मला म्हणाल्या, थांब हं, याला चहाची साखर कुठंय ते दाखवून येते, आणि फोन टेबलावर ठेवून गेल्या. मी बराच वेळ त्या दोघांचं बोलणं ऐकत राहिले.